जुन्या झाडाचं वय कसं काढायचं आणि कीड लागली तर काय करायचं : येऊर ते वाशी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या चाळीमागे एक रायवळ आंबा होता. पुनर्विकासात तो जाणार होता, म्हणून बुंध्यावर नोटीस चिकटवली. तिच्यात झाडाचं वय लिहिलं होतं 25 वर्षं. शाळेत असताना याच आंब्यावरून मी पडलो होतो आणि आता माझी साठी उलटली आहे. हरकत नोंदवायला गेलो तर समोरच्या माणसाने शांतपणे विचारलं, "काका, वयाचा पुरावा काय?" माझ्याकडे कोपरावरची खूण होती. ती काही फाइलला लावता येईना.

आंबा गेला. त्यानंतर मी झाडं मोजायला शिकलो. ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत सोसायट्यांसाठी, कधी ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलातल्या पाड्यांवरच्या ओळखीच्या लोकांसाठी हे काम करत आलो. त्यातून हाताशी आलेली रीत इथे लिहितो.

वय हा आकडा हौसेचा नाही. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड 'हेरिटेज ट्री' ठरलं. शिवाय झाड तोडायची परवानगी मिळालीच, तर तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं सांभाळायची. म्हणजे नोटिशीत 70 च्या जागी 25 लिहिलं की 45 झाडांची जबाबदारी कागदावरच उडून जाते. वय कमी का लिहिलं जातं, हे वेगळं सांगायला नको.

टेप काढण्याआधी

झाड कोणतं ते आधी पक्कं करा. निम्मं वय तिथेच कळतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेनट्री मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. रेनट्री आपल्याकडे आला तो एकोणिसाव्या शतकात. तेव्हा घोडबंदर रोडवरचा एखादा थोराड रेनट्री दाखवून कुणी "हा पोर्तुगीजांच्या वेळचा" म्हणालं तर वाद न घालता चहा मागवावा. गुलमोहर तर शहरात पन्नाशीला पोचेपर्यंतच थकलेला असतो. वड, पिंपळ, चिंच, रायवळ आंबा यांना मात्र अशी वरची मर्यादा लावता येत नाही. येऊरच्या जंगलातल्या ऐन, कुसुम, कळंब, सावरीलाही नाही.

नवी मुंबईत आणखी एक सोपी खूण आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची. वाशीच्या सुरुवातीच्या सेक्टरांत रस्त्याकडेला ओळीने उभे असलेले रेनट्री आणि सोनमोहर त्यानंतरचे. म्हणजे त्यातली सगळ्यात आधी लावलेली झाडं आत्ता कुठे पन्नाशी ओलांडतायत, एकेक करून कायद्याने 'हेरिटेज' होतायत, आणि खाली गाडी लावणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. गावठाणांची गोष्ट निराळी. जुहूगाव, दिवाळे, बेलापूर, घणसोली इथल्या देवळापुढचे वड आणि विहिरीकाठच्या चिंचा सिडकोच्या खूप आधीच्या आहेत. ओळीत, सारख्या अंतरावर उभं असलेलं झाड लावलेलं असतं. वेडंवाकडं, एकटं, रस्त्यालाच वळसा घ्यायला लावणारं झाड बहुधा रस्त्याच्या आधीचं.

घेर

जमिनीपासून 1.37 मीटर, म्हणजे साडेचार फूट उंचीवर खोडाचा घेर घ्यायचा. वनखात्याची हीच उंची आहे. शिंपी वापरतात ती टेप आखूड पडते आणि ताणली जाते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पाच मीटरची फायबर टेप घ्या. एकट्याने मोजू नका. मागच्या बाजूला टेप खाली घसरलेली असते आणि दहा-बारा सेंटिमीटरचा घोळ होतो. दुसऱ्या माणसाने मागून "सरळ आहे" म्हटल्याशिवाय आकडा लिहू नका.

उतारावर, येऊरला किंवा पारसिकच्या डोंगरावर, चढाच्या बाजूने उंची धरायची. झाड कललेलं असेल तर खोडाच्या लांबीवरून साडेचार फूट मोजायचे आणि टेप खोडाला काटकोनात धरायची. त्या उंचीवर गाठ असेल तर गाठीच्या लगेच वर किंवा खाली मोजा आणि तसं लिहून ठेवा. सावरीच्या बुडाशी भिंतीसारखे आधार फुटलेले असतात, ते संपतात तिथून वर मोजा. साडेचार फुटांच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर दोन्ही खोडं वेगवेगळी नोंदवा, बेरीज करू नका.

वडाचं मात्र अवघड. पारंब्या जमिनीत उतरून खोडाला चिकटतात, पाच-दहा वर्षांत त्या खोडच होऊन जातात आणि घेर एकदम फुगतो. वडाच्या घेरावरून वय काढणं म्हणजे एकत्र कुटुंबाच्या रेशनकार्डावरून आजोबांचं वजन काढण्यासारखं आहे. वडाला कागद आणि माणसं, दोनच वाटा. गोरखचिंचेचाही घेर फसवा असतो. तिचं लाकूड पाणी धरून ठेवतं, त्यामुळे ती पावसाळ्यात फुगते आणि कोरड्यात आकसते.

दर कुठून आणायचा

वय म्हणजे घेर भागिले दरवर्षी वाढणारा घेर. भागाकार चौथीतला, चूक होते ती दरात. इंटरनेटवर इंग्लंडमधल्या ओकचे दर मिळतात आणि लोक ते खुशाल आपल्या चिंचेला लावतात. तिथलं झाड अर्धं वर्ष थंडीत गप्प असतं. आपलं झाड जूनपासून चार महिने सुटल्यासारखं वाढतं आणि एप्रिल-मेमध्ये दम धरतं. शिवाय ठाण्यातल्या ठाण्यातही तलावाकाठचा रेनट्री आणि फुटपाथच्या डांबरात अडकलेला रेनट्री एका दराने वाढत नाहीत.

म्हणून दर आपला आपण काढायचा. त्याच जातीचं, तशाच जागेतलं, लावल्याचं साल माहीत असलेलं झाड शोधा. शाळेच्या आवारात उद्घाटनाची पाटी असते, सोसायटीत पहिल्या पूजेच्या वेळी लावलेला नारळ-आंबा असतो, कुणाच्या तरी अल्बममध्ये मुंजीच्या फोटोत मागे रोप दिसतं. समजा 1985 मध्ये लावलेल्या रेनट्रीचा घेर 2025 मध्ये 200 सेंटिमीटर भरला. चाळीस वर्षांत 200, म्हणजे वर्षाला 5. ज्याचं वय काढायचंय त्याचा घेर 310 असेल तर 62 वर्षं. असं एकच झाड बघून थांबू नका. दुसरं माहितीतलं झाड वर्षाला 4 ने वाढलेलं निघालं तर तोच 310 आपल्याला 78 वर सोडतो. मग लिहायचं, "अंदाजे वय 62 ते 78 वर्षं". पन्नाशीच्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरतं, आणि पट्टा दिल्याने तुमचा शब्द हलका होत नाही, उलट वजनदार होतो. "नक्की 71" असं जो सांगेल त्याच्यापासून जपून राहा.

झाड तरुणपणी झपाट्याने जाड होतं, म्हातारपणी हळू. त्यामुळे तरुण झाडावरून काढलेला दर म्हाताऱ्या झाडाला लावला की वय कमीच येतं, जास्त येत नाही. घेर साडेतीन-चार मीटरच्या पुढे गेला की हे ध्यानात ठेवून पट्ट्याचं वरचं टोक सैल ठेवा. जंगलात दाटीत, सावलीत वाढलेल्या झाडाला तर आणखी सैल.

घाई नसेल तर दर थेट मोजता येतो. खोडावर 1.37 वर रंगाची बारीक रेघ मारा (खिळा ठोकू नका) आणि दरवर्षी मे महिन्यात त्याच रेघेवर घेर घ्या. मेच का? पावसाळ्यात साल पाणी पिऊन फुगते. एकदा मेमध्ये आणि पुढच्या खेपेला ऑगस्टमध्ये मोजलंत तर वाढ नसताना वाढ दिसेल. तीन उन्हाळे गेले की त्या झाडाचा स्वतःचा दर हाती येतो.

माणसांना काय विचारायचं

"हे झाड किती जुनं?" हा प्रश्न फुकट आहे. उत्तर ठरलेलं, "लई जुनं." येऊरच्या एका पाड्यावर आंब्याखाली बसलेल्या वारली आजोबांना मी हेच विचारलं आणि हेच ऐकलं. मग विचारलं, "लहानपणी याला कव मारायचात का?" ते हसले. "मी आन माझा भाऊ, दोघं मिळून. बोटाला बोट लागायचं बस." कधीची गोष्ट? "रातचा भूकंप झाला ना, तवाची. मी इतका व्हतो," म्हणून त्यांनी हात छातीशी धरला.

तो भूकंप कोयनेचा, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा. आजोबा तेव्हा दहाएक वर्षांचे. पसरलेल्या हातांची लांबी साधारण माणसाच्या उंचीइतकी असते. दहा वर्षांच्या पोराची धरा 135 सेंटिमीटर. दोघांची कव 270. म्हणजे 1967 चा घेर मिळाला! 2025 मध्ये मी टेप लावली तेव्हा 460 भरला. 58 वर्षांत 190, म्हणजे वर्षाला 3.3. आता 1967 पर्यंतचे 270 व्हायला किती वर्षं लागली असतील? याच दराने 82. तरुणपणी वेगाने, वर्षाला 4 ने वाढला असं धरलं तर 68. त्यात 58 मिळवा. आंब्याचं वय 126 ते 140. हाताच्या अंदाजात दहा सेंटिमीटर इकडेतिकडे धरले तरी शंभरी पक्की.

तेव्हापासून मी कुणालाही वय विचारत नाही, कव विचारतो. खूणगाठीला साल लागतं, त्यासाठी सगळ्यांच्या लक्षात असलेल्या घटना वापरा. पानशेतचा पूर 1961, कोयना 1967, दुष्काळ 1972, आणि ताजं हवं तर 26 जुलै 2005. "दुष्काळात याच्या फांद्या गुरांना तोडल्या होत्या" असं वाक्य मिळालं की झाड 1972 मध्ये फांद्या तोडण्याएवढं होतं, हे झालं.

कागदांत आधी सातबारा बघा. इतर हक्कात किंवा पीक पाहणीत आंबा, ताड, चिंच यांची नोंद काही ठिकाणी सापडते. देवळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या जुन्या फोटोत आवारातली झाडं दिसतात. गूगल अर्थवर मागच्या सालांची उपग्रहचित्रं बघता येतात. ती पन्नास वर्षं मागे नेत नाहीत, पण "हे झाड 2010 मध्ये लावलं" असा दावा खोटा पाडायला पुरेशी आहेत.

कडी मोजायची का?

हा प्रश्न मला प्रत्येक सोसायटीत येतो. कडी म्हणजे खोड आडवं कापलं की दिसणारी वाढीची गोल वलयं. साग हा आपल्याकडच्या अशा मोजक्या वृक्षांपैकी एक, ज्यांच्या लाकडात वर्षाला एक अशी बऱ्यापैकी स्वच्छ कडी पडतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळच्या सागांच्या कड्यांवरून 523 वर्षांची नोंद लावली आहे आणि तिच्यातून जुने दुष्काळ वाचले आहेत. पण पाऊस मध्येच लांबला तर सागातही खोटं कडं पडतं. वड, पिंपळ, उंबर यांत भरवशाची कडी मिळत नाहीत. आंबा आणि रेनट्रीच्या कड्यांवर मी तरी वयाची बाजी लावणार नाही.

उभ्या झाडातून पेन्सिलीएवढा नमुना काढायचं गिरमिट मिळतं. जुन्या झाडाला ते लावू नका. आपल्या दमट हवेत ते भोक म्हणजे बुरशीला दिलेलं निमंत्रण. कडी मोजायचीच असतील तर वादळात पडलेल्या झाडाची मोजा. पडलेल्या झाडाचा बुंधा कापला जातो तेव्हा त्याचा घेर आणि लावल्याचं साल विचारून लिहून घ्या, तोच तुमचा पुढचा दर. पावसाळ्यात ठाण्यात असे बुंधे दर आठवड्याला मिळतात.

कीड : वर बघू नका, आधी पायथा

आता दुसरा भाग. मला फोन येतो तो "झाडाला कीड लागलीय, औषध सांगा" असा. मी जातो आणि पहिल्यांदा बुंध्याभोवती बघतो. दहातल्या सात ठिकाणी खोडाला घट्ट भिडलेले पेव्हर ब्लॉक असतात. धडधाकट झाडाची साल पोखरायला किडा येतो तेव्हा झाड डिंक सोडून त्याला बुजवतं. मुळांना हवा-पाणी नसलेल्या झाडाकडे तेवढी ताकद उरत नाही, मग किडे राहायला येतात. औषध मारून कीड गेली तरी ब्लॉक तिथेच असतात आणि पुढच्या वर्षी कीड परत.

म्हणून पहिलं औषध सब्बल. खोडाभोवती निदान एक मीटर मोकळा करा. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये एवढंच अंतर सांगितलं होतं. मशीन लावू नका, मुळं तुटतात. ब्लॉक हाताने काढा. बुंध्यावर भराव टाकलेला असेल तर तोही हळूहळू उपसा. खोड जमिनीशी रुंदावत जातं तो भाग उघडा दिसला पाहिजे. विजेच्या खांबासारखं सरळ खाली गेलेलं खोड म्हणजे गाडलेलं खोड. पार बांधून आत माती भरतात तेव्हाही हेच होतं. वड-पिंपळ त्यातून नवी मुळं काढून निभावतात, आंब्याची साल मात्र मातीखाली कुजते. दिव्यांच्या माळा, खिळ्यांवरच्या पाट्या, आणि वटपौर्णिमेचा नायलॉन मिसळलेला दोरा, सगळं उतरवा. सुती दोरा आपोआप कुजतो, नायलॉनचा सालीत रुततो.

मग खोडावर नजर टाका. पुढच्या चार-पाच खुणा ओळखता आल्या की बरंच काम झालं.

*भुशाची पट्टी.* सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोडावर, बहुतेक फांदीच्या बेचक्यापासून खाली, तपकिरी चिकट पट्टी दिसते. बोटाने ओढली तर जाळ्यासारखी सोलून निघते. जाळ्यात विणलेला भुसा आणि विष्ठा असते ती. ही साल खाणारी अळी. दिवसा बेचक्यातल्या बिळात बसते आणि रात्री या छपराखालून फिरत साल खाते. रेनट्री, गुलमोहर, जांभूळ, आंबा, पेरू, सगळ्यांना धरते. पट्टी ब्रशने झाडून काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिथे नवा ओला भुसा दिसेल तिथेच बीळ आहे. सायकलच्या स्पोकसारखी तार आत सरकवून अळी टोचा, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत घाला आणि चिखलाने तोंड लिंपा. एका झाडाला तासभर लागतो. फवारणीपेक्षा हे कितीतरी सरस, कारण फवारा छपराखाली पोचतच नाही.

*भिरूड.* ही मोठी भानगड. जूनच्या पहिल्या पावसात दिव्याखाली बोटाएवढा, लांब मिशांचा, करड्या अंगावर पिवळसर ठिपके असलेला भुंगा येऊन आपटतो, त्याची ही अळी. आंबा, फणस, सावर, उंबर यांच्या खोडात ती महिनोन्‌महिने बोगदे करते. बुंध्याशी लाकडाच्या तंतूंचा भुसा पडतो, भोकातून रस गळतो, वर एखादी फांदी एकाएकी वाळते. इथेही तार, बोळा, चिखल हीच रीत, पण अळी खोल असते म्हणून दर आठवड्याला परत बघावं लागतं. जुन्या पुस्तिकांत भोकात डायक्लोरव्हॉस ओता असं लिहिलेलं सापडेल. त्याच्यावर 2020 च्या डिसेंबरअखेरपासून देशात बंदी आहे. कुणा माळ्याकडे जुनी बाटली असेल तर त्याला नाही म्हणा.

*वाळवी.* हिच्यामुळे लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि हिच्यात सगळ्यात कमी दम असतो. खोडावर चढलेली वाळवीची माती बहुधा वरची मेलेली साल खात असते. काथ्याच्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवा, खाली मेलेला ओंडका पडला असेल तर हलवा. मातीखालची साल कोरडी होऊन सुटत असेल तेव्हा मात्र काळजी. ती आधीच मेलेली आहे आणि कारण वाळवी नाही, दुसरंच काही आहे. ते शोधा.

*चिकट काच.* रेनट्रीखाली लावलेल्या गाड्यांच्या काचा सकाळी चिकट झाल्या की मान वर करा. डहाळ्यांवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. गेल्या दशकात मुंबईतले कितीतरी रेनट्री यानेच वाळले. पन्नास-साठ फुटांवर फवारा पोचत नाही, पोचला तर बाल्कन्यांमधून घरात शिरतो. म्हणून हे सुरुवातीलाच धरायचं. जास्त लागण झालेल्या डहाळ्या परवानगी घेऊन छाटा, गोणीत बांधून हलवा, ओढत नेऊ नका. हात पोचेल तिथे पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी अर्क पाच टक्के, म्हणजे शंभर लिटरला पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून. मिलीबगच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला राखतात, शत्रूंना हुसकतात. त्यांची वाट तोडायला खोडाभोवती प्लॅस्टिकचा वीतभर रुंद पट्टा बांधून त्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर नको.

आणि फवारण्याआधी भिंग घेऊन बघा. एका जातीच्या लेडीबर्ड भुंग्याची अळी मिलीबगच खाते, आणि दिसतेही हुबेहूब मिलीबगसारखी, पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या असलेली. फरक एवढाच की ती मोठी असते आणि चुरुचुरू चालते. मिलीबग जागेवर बसतो. मी स्वतः पहिल्या वर्षी ठाण्यातल्या एका सोसायटीत या राखणदारांनाच साबणाने धुऊन काढलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

*बुडाशी छत्री.* खोडाच्या बुडाशी लालसर तपकिरी, वरून व्हार्निश मारल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरी अशी कठीण अळंबी उगवली तर ते आतलं कुजणं बाहेर आलेलं असतं. गुलमोहराला हे फार होतं. अळंबी तोडून काही साधत नाही. लाकडी हातोडीने खोडावर चारही बाजूंनी ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ ढब् करतं. पोकळ आहे म्हणून झाड मेलं असं नाही. झाडाचा जीव सालीखालच्या पातळ थरात असतो, गाभा तसाही निर्जीवच. नळी मोडत नाही तसं पोकळ खोडही उभं राहतं. ठोकताळा असा की शाबूत भिंत खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून पातळ झाली की धोका. रस्त्यावरच्या किंवा शाळेशेजारच्या झाडाला असं काही दिसलं तर स्वतः निकाल न देता ध्वनिलहरींनी पोकळी मोजणाऱ्या जाणकाराला बोलवा.

ढोलीत सिमेंट भरू नका. आमच्या ओळखीतल्या एका चिंचेला कुणीतरी मोठ्या मायेने सहा गोणी सिमेंट भरलं. वाऱ्यात झाड हलतं, सिमेंट हलत नाही. फटीतून पाणी शिरलं आणि चार पावसाळ्यांत चिंच आतून सडली. ढोली फक्त झाडून कोरडी ठेवायची, आणि आत पिंगळा किंवा पोपट राहत असेल तर तेही करायचं नाही.

छाटलेल्या जागेचं मलम

मान्सूनपूर्व छाटणीत फांदी एकतर खोडाला चाटून कापतात नाहीतर हातभर खुंट ठेवतात. दोन्ही वाईट. फांदीच्या मुळाशी सुजल्यासारखी गोल कडा असते, तिच्या जरा बाहेर कापलं की झाड ती जखम स्वतः वेढून टाकतं. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात विरघळवा, दुसऱ्या बादलीत एक किलो कळीचा चुना पाच लिटरमध्ये फोडा आणि थंड होऊ द्या, मग दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतत ढवळा. लोखंडी सुरी बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला. पत्र्याचं भांडं नको, मोरचूद ते खातं. पेस्ट त्याच दिवशी संपवा. बुंध्याला दोन-तीन फूट हीच पेस्ट पावसाळ्याआधी लावली तरी चालते. गेरू-चुन्याचे पट्टे मात्र रस्त्याच्या शोभेसाठी असतात, त्यांनी कीड जात नाही.

जंगलात हात खिशात

वरचं सगळं सोसायटी, रस्ता, देऊळ, शेताचा बांध यांसाठी. येऊरमध्ये कुंपणाच्या आत गेलात की तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथे झाडाला औषध लावायचा आपल्याला अधिकार नाही आणि गरजही नाही. पावसाळ्याच्या अखेरीस येऊरच्या सागाची पानं जाळीच्या पडद्यासारखी होतात, डोंगर करपल्यासारखा दिसतो आणि मला फोन सुरू होतात. पानाच्या शिरा सोडून बाकी सगळं खाणारी ती अळी आहे. साग मरत नाही. सागाचीच दुसरी एक अळी, संपूर्ण पान फस्त करणारी, खाडीतल्या तिवरांवरही पडते. ऐरोलीच्या बाजूला एखाद्या सप्टेंबरात तिवरं उघडी पडलेली दिसली तर घाबरू नका, पुन्हा पालवतात. या अळ्यांवर पक्ष्यांची पिलं वाढतात.

बांडगुळाचंही तेच. अंगणातल्या आंब्यावर बांडगूळ आलं तर ते फळायच्या आत, चिकटलेल्या जागेच्या फूटभर खालून फांदीसकट काढा. नुसतं ओरबाडलं तर परत फुटतं. फुलटोच्या पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बी पुढच्या फांदीवर पुसतो. जंगलात मात्र ते राहू द्या. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या बांडगुळावरच जगतात.

जंगलातल्या म्हाताऱ्या झाडाचा खरा वैरी वणवा. खोडाच्या एका बाजूला काळी, सालपट सुटलेली त्रिकोणी जखम दिसली की ती आगीची, आणि कीड, बुरशी सगळं तिथूनच आत जातं. फेब्रुवारीत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे केलेले पट्टे, काढायच्या वेळी वनखात्याला हात लागतात. तिथे जाऊन पाला ओढा, एवढं औषध पुरे.

वही

प्रत्येक झाडाला एक पान. जात, जागा मोबाइलच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश लिहून, घेर, मोजल्याची तारीख, ताणलेल्या टेपसकट फोटो, दर कुठल्या झाडावरून काढला ते, कुणी काय आठवण सांगितली ती त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने, आणि वयाचा पट्टा. खाली किडीची नोंद तारखेवार. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हे पान मांडून इतिवृत्तात घ्या, म्हणजे नोटीस चिकटायच्या आधीची तारीख त्यावर राहते. एक प्रत महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे द्या आणि पोच घ्या. छाटणीची परवानगीही तिथूनच लागते, झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी. नोटीस लागलीच तर तिच्यातल्या मुदतीत हरकत लेखी द्या आणि वहीचं पान जोडा.

मागच्या मेमध्ये वाशीत एका सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंबरोबर अकरा रेनट्री मोजले. नऊ पन्नाशीच्या आत भरले, दोन बाहेर. त्या दोघांखाली कुणाच्या गाड्या असतात ते बाईंनी वहीतच लिहून घेतलं, काच चिकट झाली की फोन कुणाचा येणार ते ठरलेलं असावं म्हणून.